कोन्त्या मौज्याचे जी तुमी?

नागपूरचा माणूस नेमका कुठे राहतो, हे तिघांनाच ठाऊक असते : पोस्टमन, पटवारी आणि बँकेतला कर्जाच्या टेबलावरचा कारकून. पोस्टमनला घर ठाऊक असते, पटवाऱ्याला जमीन, आणि कारकुनाला हे दोन्ही एकमेकांशी जुळत नाहीत एवढेच. मी यांतला तिसरा. बी. कॉम. झालो तेव्हा वाटले, चला, भूगोल सुटला! घरकर्जाच्या टेबलावर बसलो आणि वाणिज्य सुटले. भूगोल तेवढा उरला.

त्याचे असे आहे. समोरचे गृहस्थ ऐटीत सांगतात, "आम्ही रामदासपेठेत असतो." कागद म्हणतो, 'मौजा लेंड्रा'. त्रिमूर्तीनगरातल्या एक बाई कागदोपत्री 'मौजा भामटी'च्या निघाल्या. मी ते मोठ्याने वाचले आणि बाईंनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू तो शब्द मी त्यांनाच उद्देशून वापरला! आता यात माझा काय दोष? नगराचे नाव लेआउट पाडताना ठेवलेले. गाव त्याच्या कितीतरी आधीचे.

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी थोडा खुलासा करतो. तुमचा तलाठी तो आमचा पटवारी, तुमचा तालुका ती आमची तहसील आणि तुमचा गट नंबर तो आमचा खसरा. हे सारे जुन्या मध्य प्रांताचे देणे. तेव्हा गावोगावी मालगुजार असत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली. १९५६ साली आम्ही मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आलो आणि १९६० साली महाराष्ट्रात. राज्ये बदलली, खसरा मात्र जागचा हलला नाही. नागपूर शहर वाढता वाढता खामला, सोमलवाडा, मानेवाडा, जयताळा अशी गावे एकेक करून गिळत गेले. पण शहराला गाव गिळता येते, पचवता येत नाही. खरेदीखत उलगडा, आतमध्ये ते खसऱ्यासकट तस्सेच बसलेले असते.

बरे, एवढ्यावर भागत नाही. जिल्ह्यात तहसिली १४. त्यांत नागपूर शहर वेगळी, नागपूर ग्रामीण वेगळी. खेड्यांचा कारभार १९६२ पासून जिल्हा परिषद पाहते, आणि खेड्यांकडे नीट लक्ष राहावे म्हणून की काय, तिचे कार्यालय भर शहरात, सिव्हिल लाईन्सला! शहरापुरती महापालिका, तिचे झोन १०. २०१७ सालच्या निवडणुकीत प्रभाग ३८ होते आणि नगरसेवक १५१. म्हणजे एका प्रभागाला चार; फक्त एकाच्या वाट्याला तीन आले. आता गल्लीतला दिवा गेला तर चौघांपैकी कोणाकडे जायचे? पहिला दुसऱ्याकडे पाठवतो, दुसरा तिसऱ्याकडे, आणि चौथा लग्नाला गेलेला असतो. २०२२ साली मुदत संपली आणि पुढे काही वर्षे प्रशासक आले. तेवढ्या काळापुरता हा प्रश्न सुटला, चौघेही नव्हते.

अशा मनःस्थितीत एकदा मुलाच्या नकाशाच्या पुस्तकात मला निउए सापडले. पॅसिफिक महासागरातले हे एक बेट, आमच्या महापालिकेच्या हद्दीपेक्षा थोडेसेच मोठे. आमच्या तहसिली १४, त्यांची गावे १४. शहरात आम्ही २०११ च्या जनगणनेत २४ लाख होतो. ते सगळे मिळून सतराशेच्या आसपास. म्हणजे आमच्याकडचे एका बऱ्यापैकी लग्नातले जेवण! त्यांच्या विधानसभेत सभासद २०, आणि त्यांतले १४ प्रत्येक गावाचा एक असे निवडलेले. राजधानी अलोफी, तिचीही अलोफी उत्तर आणि अलोफी दक्षिण अशी दोन गावे. आपले खुर्द आणि बुद्रुकच म्हणा ना!

मला हेवा वाटला तो समुद्राचा नव्हे, नारळांचाही नव्हे. आपले गाव कोणते आणि आपला माणूस कोण, हे तिथल्या माणसाला एका दमात सांगता येते, याचा.

तसे आपल्याकडेही होतेच की! हुडकेश्वर आणि नरसाळा ही गावे २०१३ साली महापालिकेच्या हद्दीत आली. रात्री ग्रामस्थ म्हणून झोपलेला माणूस सकाळी नागरिक म्हणून उठला. तिकडचे एक काकाजी आमच्या काउंटरवर येतात. ग्रामपंचायत होती तेव्हा नाली तुंबली, की ते सरळ सरपंचाच्या ओट्यावर जाऊन बसत. "नाली व्हायची तवाच व्हायची जी," ते सांगतात, "पन बोलाले मानूस होता. चहा बी भेटे." आता तक्रार केली की नंबर मिळतो. नंबराच्या ओट्यावर बसता येत नाही.

मध्यंतरी त्यांचा केवायसीचा फॉर्म भरायचा होता. 'गाव / शहर : लागू नसेल ते खोडावे' या ओळीपाशी काकाजी अडले.

"काकाजी, गाव खोडा," मी म्हटले.

त्यांनी पेन खाली ठेवला. "म्या काहून खोडू जी? ज्याइनं खोडलं, त्याइले सांगा."

मागे बारा माणसांची रांग. वाणिज्य शाखेचा पदवीधर अशा वेळी काय करतो? हिशेबाच्या दोन बाजू जुळल्या नाहीत, की फरक आम्ही उचंती खात्यात टाकतो. ती रक्कम पुसायची नाही आणि कोणाच्या नावेही मांडायची नाही. हिशेब लागेल तेव्हा लागेल. नागपूरच्या पोटातले हे सगळे मौजे म्हणजे शहराचे उचंती खातेच आहे. गावपण गेल्याची नोंद सापडते. ते कोणाच्या खात्यात जमा झाले, ते मात्र कोणत्याच वहीत नाही.

मी काहीही न खोडता फॉर्म पुढे सरकवला. साहेबांनी आक्षेप घेतलाच तर उत्तर तयार आहे. साहेब ज्या नव्या नगरात राहतात, त्याचा मौजा मी आधीच पाहून ठेवला आहे.