गाडी अजून बंगलोरातच

माझ्या गाडीच्या मते सध्या 2005 साल चालू आहे. गाडी 2010 ची. म्हणजे तिच्या हिशेबाने तिचा अजून जन्मच झालेला नाही, आणि तरीही ती रोज सकाळी मल्लेश्वरमच्या आमच्या क्रॉसवरून मला घेऊन निमूट निघते.

गाडी मूळची मेव्हण्याची. कॅनडाला जाताना त्याने किल्ली माझ्या हातात ठेवली. "भावजी, विकून काय येणार आता? त्यापेक्षा तुम्हीच चालवा." जर्मन, काळी, लांबलचक. दार लावलं की असा काही भरीव 'धप्प' आवाज येतो, की आमचा वॉचमन तेवढ्यासाठी धावत येऊन दार लावतो. इंजिन अजून लोण्यासारखं. आसनांचं कातडं वापरून वापरून मऊ पडलंय, पण कुठे तडा नाही. म्हातारी झाली ती फक्त गाडीची अक्कल : मधोमध बसवलेला पडदा, त्यातला नकाशा आणि ब्ल्यूटूथ. मेव्हण्याने ज्याच्यासाठी वेगळे पैसे मोजले होते, नेमकं तेच.

तारखेची भानगड मला पुढे कधीतरी समजली. जीपीएसचे उपग्रह गाडीला वेळ सांगतात ती आठवड्यांत. आठवडे मोजायला जुन्या संदेशात जागा फक्त दहा बिटांची, म्हणजे 1024 आठवड्यांची. तेवढे भरले की मोजणी पुन्हा शून्यावर, जुन्या स्कूटरचा मीटर 99999 नंतर फिरायचा तशी. पहिल्यांदा हे ऑगस्ट 1999 मध्ये झालं, दुसऱ्यांदा 6 एप्रिल 2019 ला. नव्या यंत्रांना ते आधीच शिकवून ठेवलेलं असतं. ज्यांना कुणी शिकवलं नाही ती बापडी साडेएकोणीस वर्षं मागे जातात. असल्या हिशेबातून मोठेही सुटत नाहीत. 2022 उजाडलं त्या दिवशी अमेरिकेत होंडाच्या कितीतरी जुन्या गाड्यांची घड्याळं 2002 वर जाऊन बसली होती. गंमत अशी की जागा मात्र चुकत नाही. आपण कुठे आहोत हे माझ्या गाडीला चार पावलांच्या फरकाने कळतं. कधी आहोत, एवढंच कळत नाही.

पडद्यावर शहराचं नाव अजून इंग्रजी वळणाचं, 'बँगलोर'. 1 नोव्हेंबर 2014 ला सरकारी कागदांवर बंगळुरू आलं, ते तिच्यापर्यंत पोचलं नाही. (आमच्या घरातल्या मराठी तोंडांपर्यंत तरी कुठे पोचलंय? आम्ही बंगलोरच म्हणतो.) संपिगे रोडच्या टोकाला मार्च 2014 पासून मेट्रोचं स्टेशन आहे. खांब आहेत, जिने आहेत, दर दहा मिनिटांनी बाहेर पडणारी माणसांची लाट आहे. पडद्यावर तिथे स्वच्छ, मोकळी, फिक्कट पिवळी जागा. मी खांबाच्या सावलीत सिग्नलला थांबलेला असतो आणि पडद्यावरचा माझा बाण निवांत उन्हात उभा असतो.

नकाशाची नवी डीव्हीडी मिळते का, म्हणून एकदा शोरूममध्ये विचारून आलो. समोरचा मुलगा गाडीपेक्षा फार मोठा नसावा. त्याने मॉडेलचा नंबर घातला, मान हलवली आणि अतिशय अदबीने म्हणाला, "सर, फोन वापरा ना." तेव्हापासून त्या देखण्या लाकडी पट्टीच्या वर, रबरी चोषकाने चिकटवलेल्या स्टँडमध्ये माझा स्वस्तातला फोन लटकतो. पैठणीवर सेफ्टी पिन लावावी तसा.

त्यामुळे गाडीत आता दोन मार्गदर्शक. फोनमधली मराठीतून सांगते, "दोनशे मीटरवर डावीकडे वळा." पडद्यातली बाई अस्सल विलायती. ती संपिगेला 'सँपाइज' म्हणते आणि मार्गोसा असा उच्चारते जणू तिच्या आत्याचं नाव. संपिगे म्हणजे आपला सोनचाफा, मार्गोसा म्हणजे कडुनिंब. हा शब्द पोर्तुगीजांच्या 'कडू'वरून आलेला, तेव्हा बाईचा त्यावर थोडाफार हक्क आहे असं समजून मी सोडून देतो. चाफ्याचा रस्ता आणि निंबाचा रस्ता एकमेकांना समांतर धावतात. दोन्ही एकमार्गी, तोंडं उलट दिशांना. या दोघींचं जिथे बिनसतं ती जागा ठरलेली आहे, आठव्या क्रॉसचा बाजार. फोनवाली गर्दी लाल रंगात दाखवून मला लांबून फिरवते. विलायती बाईला गर्दी ठाऊकच नाही. तिच्या नकाशात आठव्या क्रॉसवर कधीच कुणी फुलं विकायला बसलेलं नाही, गौरी-गणपतीच्या आदल्या दिवशीसुद्धा. मी ऐकतो फोनचं, पण तिचा आवाज बंद करत नाही. कुणीतरी शांतपणे चुकीचं बोलत असलं की गाडीला जरा घरपण येतं.

गाडीत बसवलेला नकाशा ही कल्पनाच तशी जुनी. 1985 साली कॅलिफोर्नियातल्या एटॅक नावाच्या कंपनीने मोटारीसाठी फिरता नकाशा काढला, तेव्हा उपग्रहांचा आधार नव्हता. चाकांचे फेरे आणि होकायंत्र यांवरून यंत्र अंदाज बांधायचं, आणि नकाशे असायचे कॅसेटवर. मोठ्या शहराला एक कॅसेट पुरायची नाही, अर्ध्या वाटेत थांबून दुसरी घालायची. त्यातलं मला आवडतं ते नाव. एटॅक हा प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या नावाड्यांचा शब्द. त्यांच्या पद्धतीत होडी जागच्या जागी स्थिर धरायची, आणि बेटं तिच्या बाजूने मागे सरकताहेत असं मानून हिशेब करायचा. संध्याकाळी सात वाजता मार्गोसा रोडवर पंचवीस मिनिटं न हललेल्या गाडीत बसून मी हे वाचलं, आणि त्या नावाड्यांचं सगळं म्हणणं मला एकदम पटलं.

मध्यंतरी एके दिवशी पडदा, गाणी, फोन, सगळंच मुकं झालं. जे. सी. रोडवर जुन्या गाड्यांचा एक जाणकार आहे असं कळलं, त्याच्याकडे गेलो. त्याने डिकीतलं अस्तर उचकटलं आणि एक बारीक वायर उपसली. तिच्या टोकाला लालभडक ठिपका पेटला होता. "देखो सर, लाईट जाता इसमें." या गाड्यांत आवाज तांब्याच्या तारेतून नाही, प्लॅस्टिकच्या धाग्यातून प्रकाश होऊन जातो : पडद्यापासून अँप्लिफायरकडे, तिथून फोनच्या डब्याकडे, पुन्हा फिरून पडद्याकडे. कानगोष्टींचा खेळच. प्रत्येकाने ऐकायचं आणि शेजाऱ्याच्या कानात सांगायचं. गोलातला एक जण उठून गेला की खेळ संपला. "एक बंद पड्या तो सब्ब बंद, सर." आमच्यात उठून गेला होता तो फोनचा डबा. डिकीत पाणी शिरून त्याला बुरशी आली होती. जाणकाराने खिशातून नखाएवढी एक पांढरी कडी काढली, डब्याच्या जागी खोचली. प्रकाश तिथल्या तिथे वळून पुढे गेला आणि गाडी पुन्हा गायला लागली. पण फोन गेला. पडद्यासकट सगळं काढून नवा टचस्क्रीन बसवायचा सल्लाही त्याने दिला, भावही सांगितला. मी कडीवर भागवलं.

घरी येऊन बायकोला हे सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "डबा दुरुस्त होत असेल तर कर." तिच्या म्हणण्याला कारण होतं.

ब्ल्यूटूथ हे दहाव्या शतकातल्या एका डॅनिश राजाचं टोपणनाव. विखुरलेल्या टोळ्या त्याने एका छत्राखाली आणल्या, म्हणून 1997 मध्ये तात्पुरतं सुचवलेलं हे नाव पुढे कायमचं चिकटलं. आमच्या राजाच्या राज्यात मात्र निम्मीच प्रजा. ब्ल्यूटूथमध्ये बोलण्याचा करार वेगळा आणि गाण्याचा वेगळा असतो. आमच्या गाडीला फक्त बोलण्याचा येतो. त्यामुळे विमा विकणाऱ्याचा आवाज सहा स्पीकरांतून घुमतो, आणि भीमसेन जोशींसाठी सीडी शोधावी लागते. शिवाय तिच्या पोटात मेव्हण्याच्या जुन्या फोनची यादी अडकून पडली आहे. 2012 च्या आसपासची. ऑफिसातली माणसं, गॅसवाला, प्लंबर दोन, आणि 'आई घर'.

'आई घर' म्हणजे सासूबाईंची लँडलाइन. सासरे टाटा इन्स्टिट्यूटमध्ये होते (इथली जुनी माणसं आयआयएस्सीला अजून टाटा इन्स्टिट्यूटच म्हणतात), तेव्हापासूनचा नंबर. घर पाडून चार मजले झाले, त्यातल्या एका मजल्यावर आम्ही राहतो. सासूबाई गेल्यावर फोनही परत केला. एकदा खड्ड्यात चाक गेलं आणि स्टिअरिंगवरचं बटण दाबलं गेलं. विलायती बाई म्हणाली, "कॉलिंग आय गार." मग हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं कन्नडमध्ये, मग इंग्रजीत, सहाही स्पीकरांतून. बायको शेजारीच होती. तेवढं एक नाव पुसायला गेलो तर गाडी तयार होईना. पुसायचं तर तो अख्खा फोनच विसरायला लावायचा, गॅसवाल्यासकट. "राहू दे," ती म्हणाली. डबा मी दुरुस्त करून आणला. तो जाणकार वेड्यात काढल्यासारखा बघत होता.

एरवी मल्लेश्वरममध्ये नकाशाची गरज कुणाला पडते? 1898 च्या प्लेगच्या सुमारास दाटीवाटीच्या पेठेबाहेर ही वस्ती आखली गेली : उभे ते मेन, आडवे ते क्रॉस, आणि प्रत्येकाला आकडा. सहाव्यानंतर सातवा येतो हे कळायला उपग्रह लागत नाही. पत्ता विचारला तर अजूनही कुणीतरी हात लांब करून "स्ट्रेट होगी, सेवंथ क्रॉस" म्हणतं आणि आपण सीटीआर हॉटेलसमोर उभे असतो. तिथल्या पाटीवर 'श्री सागर' लिहिलंय. गर्दीतला एकही माणूस ते नाव घेत नाही, डोसा मात्र सगळ्यांना मिळतो.

आणि आमच्या घरापासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर काडु मल्लेश्वर, रानातला मल्लेश्वर. तिथला 1669 चा शिलालेख शिवाजीमहाराजांच्या सावत्र भावाचा, व्यंकोजीराजांचा. शहाजीराजांची जहागीर होती ही. देवाच्या खर्चासाठी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिल्याची त्यात नोंद आहे. ते गाव आज जिथे टाटा इन्स्टिट्यूट आहे तिथेच होतं असं सांगतात. फोनवर शोधलं, सापडलं नाही. गाडीच्या नकाशात शोधलं, तिथेही नाही. खडकावर आहे.

या जानेवारीत मेव्हणा आला होता. आल्या आल्या किल्ली मागितली. फोनचा स्टँड काढून त्याने मागच्या सीटवर टाकला. "याची काय गरज आहे? ही आहे की." आणि विलायती बाई बोलेल तसा वळत गेला. तिने उजवीकडे म्हटलं, तो उजवीकडे. तो क्रॉस आता एकमार्गी झालाय हे मी सांगेपर्यंत समोर शिट्टी वाजली होती.

पोलीस तरुण होता. मेव्हणा लहानपणापासूनच्या अस्खलित कन्नडमध्ये पडद्याकडे बोट दाखवून सांगायला लागला, याच्यात तर दुहेरी आहे बघा. पोलिसाने पाचशेची पावती फाडली, ती देता देता खिडकीतून आत वाकला आणि पडदा निरखू लागला. मेव्हण्याला हुरूप आला. त्याने गोल बटण फिरवून नकाशा मोठा केला, लहान केला, संपिगे रोडच्या टोकापर्यंत नेऊन दाखवला. मागे हॉर्न वाजत होते.

"मेट्रो एल्लि?" पोलिसाने विचारलं. मेट्रो कुठाय यात?

मेव्हण्याने त्या पिवळ्या, मोकळ्या जागेकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या तारखेकडे.

"इन्नू बंदिल्ल, सार," तो म्हणाला. अजून आली नाही.