आपाचं पाठांतर

डॉक्टरांनी आपाच्या नैराश्यावर चुंबकीय उपचार सुचवले तेव्हा अम्मीने विचारलं, "तिच्या पाठ असलेल्या सूरह तर पुसल्या जाणार नाहीत ना?" मीही धास्तावलो. चुंबकाने कॅसेट बिघडते, हे लहानपणी पाहिलेलं! पण मेंदू कॅसेट नव्हे. १९८५ साली शेफिल्डमध्ये अँथनी बार्कर यांनी दाखवलेलं हे तंत्र डोक्यावर धरलेल्या कॉइलमधून मेंदूत क्षणभर वीज खेळवतं. बोलण्याच्या केंद्रावर धरलं तर वाचा क्षणभर थांबते आणि लगेच परतते. शॉक ट्रीटमेंटनंतरचा विसराळूपणा यात सहसा दिसत नाही. मात्र याने बुद्धी तल्लख होते, हेही मला पटत नाही.

तिसऱ्या आठवड्यात रिक्षातून परतताना आपा यासीन पुटपुटत होती. एका आयतीवर अडखळली. माझा श्वास अडकला. तिने मागची आयत पुन्हा घेतली, आणि पुढे गेली.