प्रवासाचें नवें पाथेय

‘पाथेय’ हा शब्द ‘पथिन्’ म्हणजे मार्ग यापासून झाला आहे. वाटेंत उपयोगीं पडेल तें पाथेय. आमच्या लहानपणीं दशम्यांच्या पुरचुंडीस तो शोभत असे. सांप्रत दशम्यांचें काम उपाहारगृहें करितात, आणि पाथेयाची जागा तळहाताहून लहान अशा कार्डानें घेतली आहे. आमच्या लोह्यासारख्या गांवींहि, ज्यांचीं मुलें पुण्यास व लेकी सातासमुद्रांपलीकडे आहेत अशीं घरें आतां पुष्कळ झालीं. त्या घरांतील वडीलधाऱ्यांनीं कोणतें कार्ड न्यावें हें बहुधा मुलेंच परस्पर ठरवितात. कार्ड खिशांत असतें, पण त्याची रीत ठाऊक नसते. मग परगांवीं पावलोपावलीं मुलांच्या सवडीची वाट पाहावी लागते. हें टळावें म्हणून चार शब्द लिहीत आहों.

लोह्यास रेल्वे नाहीं. नांदेडहून अहमदपुरावरून लातुरास जाणाऱ्या रस्त्यावर आमचें गांव. माळेगांवच्या खंडोबाची यात्रा याच रस्त्यावर भरते. त्यामुळें आमचा कोणताहि प्रवास, मग तो विलायतेचा कां असेना, एस्. टी. च्या पायरीपासून सुरू होतो. येथें वय हेंच पाथेय. आमच्या वडील बंधूंनीं पंचाहत्तरी ओलांडली आहे, म्हणून ऑगस्ट २०२२ पासून त्यांस भाडें पडत नाहीं. आम्ही पासष्टीपुढचे, म्हणून अर्धें भाडें. मार्च २०२३ पासून स्त्रियांसहि अर्धेंच. तेव्हां गृहिणी वयाचा उल्लेख न करितां आमच्या बरोबरीस येते. पुरें भाडें भरतो तो सामान उचलणारा पुतण्या! मात्र ही सवलत राज्याच्या सीमेपर्यंतच असते, हें हैदराबादकडे जाणारांनीं ध्यानांत ठेवावें. शहरबसलाहि ती लागू नाहीं. १९८८ पासून चालत आलेला ‘आवडेल तेथें प्रवास’ हा चार किंवा सात दिवसांचा पास तीर्थाटन करणारास सोयीचा खरा. परंतु अर्ध्या भाड्यानें जाणारानें आधीं कागदावर हिशेब मांडावा व मगच तो घ्यावा. रेल्वेंतील वृद्धांची सवलत तर मार्च २०२० मध्यें बंद झाली.

पुण्यास उतरलें कीं वय पुढें करून भागत नाहीं. तेथें कार्डच लागतें. सर्व देशास एकच प्रवास-कार्ड असावें या हेतूनें केंद्र सरकारनें ४ मार्च २०१९ रोजीं ‘नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड’ सुरू केलें. मार्च २०२२ मध्यें सुरू झालेल्या पुण्याच्या मेट्रोच्या फाटकास तें टेकविलें कीं वाट मोकळी होते, आणि तेंच कार्ड दिल्लीच्या मेट्रोसहि चालतें. या कार्डाच्या पोटांत दोन कप्पे असतात, हें मात्र देणारा सहसा सांगत नाहीं. एक कप्पा बँकेच्या वहींतला, दुसरा खुद्द कार्डाच्या चिपमधला. आणि फाटक वाचतें तें दुसऱ्यालाच. बँकेंत रक्कम असूनहि दार उघडेना, अशी तक्रार आम्हीं स्थानकावर एकाहून अधिक वृद्धांच्या तोंडून ऐकली, त्याचें कारण हेंच. ती रक्कम स्थानकावर चिपमध्यें उतरवून घ्यावी लागते. चिपमध्यें अधिकांत अधिक २००० रुपये राहतात, व ते गुप्त आंकडा न विचारतां वजा होतात. म्हणजे तो कप्पा म्हणजे कनवटीचे सुटे पैसे. कार्ड हरवलें तर तेहि गेले. तेव्हां आठवड्यापुरतें भरावें, अधिक नाहीं. मुंबईच्या लोकलचा मासिक किंवा त्रैमासिक पास हें प्रकरण निराळें. तो ठराविक दोन स्थानकांमधला असतो, चार दिवसांच्या पाहुण्यानें त्याच्या वाटेस जाऊं नये.

आतां विलायतेकडे. आमची कन्या लंडनच्या वायव्येस हॅरो येथें राहते. त्या शहरांतील बसगाड्यांत जुलै २०१४ पासून रोख पैसे घेत नाहींत. एक तर २००३ पासून प्रचारांत असलेलें ऑयस्टर कार्ड घ्यावें, नाहीं तर स्पर्शानें पैसे देतां येतील असें बँकेचें कार्ड वापरावें. साठीनंतरची तेथील सवलत लंडनच्या रहिवाशांसाठीं आहे. आमचे पांढरे केस तेथें निरुपयोगी ठरले. पतिपत्नींस एका कार्डावर एकाच वेळीं जातां येत नाहीं, हें निघण्यापूर्वीं समजून घ्यावें. बसमध्यें चढतांनाच कार्ड टेकवावें; भुयारी रेल्वेंत मात्र जातां-येतां दोन्ही वेळां, व तेंहि एकच कार्ड, नाहीं तर प्रवास अपुरा धरून जबर भाडें कापतात. एका दिवसाच्या भाड्यास कमाल मर्यादा आहे, ती गांठली कीं पुढील फेऱ्या फुकट.

आपलें नेहमींचें बँकेचें कार्ड तेथें चालतें, पण परकी चलनाचा अधिभार शेंकडा साडेतीनपर्यंतहि जातो व त्यावर जी. एस. टी. म्हणून आम्हीं पौंड भरलेलें प्रवासी कार्ड एका बँकेंतून घेतलें. त्या कारकुनानें चार ठिकाणीं सह्या घेतल्या, परंतु स्पर्शानें पैसे देण्याची सोय आपण होऊन सुरू करावी लागते, हें सांगितलें नाहीं. रिझर्व्ह बँकेच्या २०२० सालच्या नियमानें येथील बँकांचीं नवीं कार्डें बंद कळेनेंच हातीं येतात. नियम ग्राहकाच्या हिताचाच, पण तो सांगावयास नको काय? हॅरोच्या फाटकापाशीं तांबडा दिवा लागला. मागें रांग थांबली, कन्येनें मुकाट्यानें आपलें कार्ड पुढें केलें. जिच्या शाळेची फी आम्हीं भरली, तिनें आमचें तिकीट भरावें यांत वाईट कांहींच नाहीं. तरीहि त्या दिवशीं आम्ही गाडींत फारसें बोललों नाहीं.

रात्रीं ती कळ फिरवून घेतली. दुसऱ्या दिवशीं कन्या कचेरींत गेली असतां उभयतां निघालों. वेंब्ली पार्कला गाडी बदलली, तेथून दुसरेंच स्थानक डॉलिस हिल. १९३२ साली स्थापन झालेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची वास्तु तेथून चालत जाण्यासारखी आहे. दारावरील मराठी नांव वाचून गृहिणी क्षणभर थांबली. परततांनाहि कोणास दूरध्वनि करावा लागला नाहीं.

दुकानांतील यंत्रानें ‘रुपये कीं पौंड’ असें विचारल्यास पौंडच म्हणावें, नाहीं तर यंत्रवाला आपला दर लावतो. आमच्या कार्डांत उरलेले पौंड परत करतांना पुन्हां दरांत तूट सोसावी लागली; म्हणून बेतानेंच भरावे. गृहिणीचें ऑयस्टर कार्ड मात्र शिलकेसह कन्येकडेच ठेवून आलों. तेथील शिल्लक कालबाह्य होत नाहीं, आणि येत्या उन्हाळ्यांत विहीणबाई जावयाच्या आहेत.