पहिल्या पानावर काय ठेवायचं?

मोबाइल तुमच्या हातात आहेच, तर एक करा. हा लेख घटकाभर बाजूला ठेवून होम स्क्रीनवर जा आणि अ‍ॅपचे छोटे चौकोन सोडून तिथे आणखी काय काय दिसतंय ते पाहा. मोठं घड्याळ असेल, शहराचं तापमान असेल, शोधायची पट्टी तर असेलच. कदाचित खाली बातम्यांचा एखादा ठोकळाही असेल. ही सगळी विजेट्स. आणि आता खरं सांगा, यातलं तुम्ही स्वतः ठेवलेलं कोणतं? बहुतेकांचं उत्तर ‘एकही नाही’ असंच येतं. फोन आला तेव्हा जे होतं, तेच अजून आहे.

विजेट म्हणजे अ‍ॅपची खिडकी. दार न उघडता आतलं थोडंसं बाहेरून दिसतं. अँड्रॉइडवर ही सोय 2008च्या पहिल्या फोनपासून आहे आणि 2009मध्ये इतरांनाही आपल्या अ‍ॅपची विजेट्स करता येऊ लागली. आयफोनच्या होम स्क्रीनवर मात्र ती यायला 2020चा सप्टेंबर उजाडला. तेव्हापासून ‘विजेट्स लावा, फोन सुंदर करा’ असे व्हिडिओ सगळीकडे दिसतात. मला सुंदरतेत फारसा रस नाही. प्रश्न एवढाच आहे, की त्यांचा घरातल्या माणसांना उपयोग होतो का?

होतो. पण सगळ्यांचा नाही आणि सगळीकडे नाही.

आपल्या घरात भिंतीवरचं कालनिर्णय कसं वापरलं जायचं, आठवा. कणीक मळता मळता मान वळवायची, तिथी बघायची, दुधाचा खाडा कुठल्या तारखेला ते बघायचं, की पुन्हा कणकेकडे. कॅलेंडरसमोर कुणी वीस मिनिटं उभं राहिलेलं मी तरी पाहिलं नाही. आज तीच तिथी बघायला आपण फोन उघडतो, वाटेत तीन मेसेज दिसतात, एक रील लागतं आणि फोन खाली ठेवताना लक्षात येतं, की तिथी बघायची राहूनच गेली. म्हणून माझी कसोटी साधी आहे. हे विजेट मला अ‍ॅप उघडण्यापासून वाचवतं, की उघडायला लावतं? पहिलं असेल तर राहू दे. दुसरं असेल तर काढून टाकायचं. बातम्यांचा ठोकळा या कसोटीवर पहिल्याच फटक्यात बाद होतो, कारण त्यात अर्धंच वाक्य दिसतं आणि उरलेल्या अर्ध्यासाठी आत जावं लागतं. ती खिडकी नव्हे, दुकानाची काच आहे.

आम्ही इंदूरला राहतो. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांना पंचांगाचं विजेट किती कामाचं असतं आणि ते किती गोंधळ घालू शकतं, हे तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडचा पौर्णिमेला. त्यामुळे आपण ज्याला माघ वद्य म्हणतो, त्याला इथलं पंचांग फाल्गुन कृष्ण पक्ष म्हणतं. इथला सावनही आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी सुरू होतो. सासूबाईंच्या फोनवर पहिल्यांदा पंचांगाचं विजेट लावलं, तेव्हा त्यांनी चष्मा वर करून निकाल दिला, ‘‘हे खोटं आहे. अजून आषाढ चाललाय.’’ अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ‘अमान्त’ हा पर्याय निवडला आणि आमच्या घरात पुन्हा आषाढ सुरू झाला.

तिथेच शहरही बदलून घ्या, तेही महत्त्वाचं आहे. संकष्टीचा उपवास चंद्रोदयाला सुटतो आणि इंदूर मुंबईच्या पूर्वेला असल्यामुळे चंद्र इथे काही मिनिटं आधी उगवतो. अ‍ॅपमध्ये मुंबई असेल, तर उपाशी माणसाला उगाच थांबावं लागतं. आता त्या फोनकडे एकदा बघतात, वेळ वाचतात आणि मोदकांकडे वळतात. विजेट या शब्दाशी त्यांचं कधी जमलं नाही. त्या त्याला ‘पाटी’ म्हणतात. मला हा शब्द आवडतो.

त्यांच्या पडद्यावरची दुसरी पाटी आहे दोन घड्याळांची. माझे दीर टोरांटोला असतात. आपली वेळ उन्हाळ्यात त्यांच्यापेक्षा साडेनऊ तास पुढे आणि हिवाळ्यात साडेदहा, कारण तिकडे मार्चमध्ये घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरमध्ये मागे. हा हिशोब आमच्यापैकी कुणालाच वेळेवर आठवायचा नाही. मग ‘तो झोपला असेल’ म्हणून फोन लावायचाच राहायचा. राहिलेल्या फोनचं कुणी बोलत नाही, पण ते साचत जातं. आता वर इंदूर, खाली टोरांटो. दोन्ही काटे शेजारी दिसतात आणि ऋतू बदलला, की घड्याळ आपलं आपण सुधारतं. त्याखाली दिरांचा फोटो आहे, तेही एक विजेट. अँड्रॉइडच्या बऱ्याच फोनमध्ये विजेटच्या यादीत थेट फोन लावण्याची सोय मिळते. माणूस एकदा निवडून ठेवलं, की फोटोवर बोट ठेवताच फोन लागतो. नाव शोधायला नको, इंग्रजी वाचायला नको. घरात वयस्कर माणूस असेल, तर बाकी काही लावू नका, पण ही एक सोय आजच करून द्या.

आता आमच्या ह्यांच्याबद्दल. त्यांना क्रिकेटच्या स्कोअरचं विजेट हवं होतं, कारण ऑफिसात अ‍ॅप उघडून बसणं बरं दिसत नाही. झालं असं, की शेजारच्या टेबलावरून ‘आउट!’ अशी आरोळी आली, तरी ह्यांच्या पडद्यावर तो फलंदाज शांतपणे खेळतच होता. यात विजेट बिघडलेलं नव्हतं. अँड्रॉइडमध्ये विजेट ठरावीक वेळाने आपोआप ताजं करण्याची जी साधी सोय आहे, तिच्यात दोन वेळांमधलं अंतर 30 मिनिटांपेक्षा कमी ठेवता येत नाही. अ‍ॅपला इतर मार्गांनी ते लवकर बदलता येतं, पण बॅटरी वाचवण्यासाठी फोन त्यालाही लगाम घालतो. आयफोनवरही वारंवार पाहिल्या जाणाऱ्या विजेटला दिवसभरात साधारण 40 ते 70 वेळाच ताजं होता येतं. म्हणजे जे मिनिटागणिक बदलतं, ते विजेटवर विसंबून बघण्यात अर्थ नाही. स्कोअर, शेअरचा भाव, गाडी कुठपर्यंत आली, या गोष्टींसाठी अ‍ॅपच उघडा. विशेषतः गाडीसाठी. तिथी, हवामान, आजची कामं, किराणा यादी, हे सगळं अर्धा तास शिळं असलं, तरी काही बिघडत नाही.

किराणा यादीवरून आठवलं. एकच यादी दोघांच्या फोनवर ठेवता येते आणि काही अ‍ॅपच्या विजेटमध्ये तिथल्या तिथे खूणही करता येते. ‘हिंग संपलंय हे मला कुणी सांगितलंच नाही’ हे वाक्य आमच्या घरातून त्यामुळे हद्दपार झालं. यापेक्षा जास्त मी त्याबद्दल लिहीत नाही, लावून बघा.

आता थोडं नाजूक. फोन वैयक्तिक असतो असं म्हणतात, पण आपल्या घरांमध्ये तो कितीसा वैयक्तिक असतो? मुलं गेम खेळायला घेतात, सासूबाई त्यावरून बहिणीशी बोलतात, फोटो दाखवायला म्हणून तो जेवणाच्या टेबलाभोवती फिरतो. म्हणजे होम स्क्रीन ही घराची बैठकीची खोली झाली. येणाऱ्याजाणाऱ्याची नजर तिच्यावर पडणारच.

माझ्या एका मैत्रिणीच्या फोनवर कॅलेंडरचं विजेट होतं. लग्नाला सहा वर्षं झाली होती, उपचार सुरू होते आणि ते दोघांनी ठरवून घरात सांगितलेलं नव्हतं. रविवारी नणंदेने लग्नाचे फोटो बघायला फोन घेतला. फोटो बघून झाल्यावर होम स्क्रीनवर परत आली, तर समोर ठळक अक्षरांत मंगळवारची वेळ आणि दवाखान्याचं नाव. नणंद वाईट नाही. तिने मायेनेच विचारलं, पण सगळ्यांसमोर विचारलं. त्यानंतरचे कित्येक महिने प्रत्येक मंगळवारी घरातल्या सगळ्यांचे डोळे तिच्या चेहऱ्यावर असायचे. मैत्रीण मला म्हणाली, ‘‘उपचारांचा त्रास सोसला गं, त्या डोळ्यांचा नाही सोसवला.’’

म्हणून कॅलेंडर, नोट्स, मेल, बँक यांची विजेट्स लावण्याआधी स्वतःला विचारा, की हा कागद मी बैठकीच्या खोलीत भिंतीवर चिकटवला असता का? नसता, तर तो पडद्यावरही नको. बऱ्याच कॅलेंडर अ‍ॅपमध्ये वेगवेगळी कॅलेंडरं करता येतात. काहींच्या विजेटमध्ये घरचं दाखवायचं आणि स्वतःचं लपवायचं, एवढी निवड असते. तेवढं नसेल, तर नोंद करताना दवाखान्याऐवजी ‘काम’ असं लिहिलेलं पुरतं. हवामानाच्या विजेटबद्दलही एक सांगते. ते तुमचं ठिकाण कायम मागत असेल, तर देऊ नका. शहराचं नाव हाताने टाकलं, तरी पाऊस तोच दिसतो.

आणखी एक भीती अनेक जणींना वाटते, ती काढून टाकू. विजेट पडद्यावरून हटवलं, तर अ‍ॅप किंवा त्यातली माहिती जात नाही. खिडकी बंद होते, खोली जागेवर असते. नको असलेल्यावर बोट दाबून धरा आणि काढून टाका. नवीन हवं असेल, तर मोकळ्या जागेवर बोट दाबून धरा. अँड्रॉइडवर ‘विजेट्स’ असा पर्याय येतो, आयफोनवर वरच्या कोपऱ्यातून ते जोडता येतं.

पण माझ्या कसोटीत न बसणारं एक विजेट आमच्या घरात आहे. फोटोंचं. ते फोनमधले जुने फोटो स्वतःच निवडून पडद्यावर आणतं. सासरे गेले त्याला तेव्हा पाच महिने झाले होते. एका सकाळी सासूबाई वेळ बघायला फोनकडे वळल्या आणि पडद्यावर सासरे. कुठल्याशा लग्नात, फेटा बांधलेले, हातात जिलबीची ताटली, हसताना डोळे मिटलेले. त्या काही बोलल्या नाहीत. चहा तसाच ठेवून आत गेल्या, दुपारपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

मी संध्याकाळी म्हटलं, ‘‘आई, ते काढून टाकू का? हवा तो माणूस किंवा हवी ती तारीख आठवणींतून वगळायचीही सोय असते.’’

‘‘वगळायचं कशाला?’’ त्या म्हणाल्या. ‘‘माझा माणूस आहे तो. फक्त असा अचानक पुढ्यात नको. तुमच्या त्या पाटीला कुठे मागे ठेवता येतं का?’’

येतं. होम स्क्रीनला दुसरं पान असतं, तिसरंही असतं. ते विजेट ओढून दुसऱ्या पानावर नेलं. आता पहिल्या पानावर तिथी, दोन घड्याळं आणि लेकाचा फोटो. बोट सरकवलं, की मागच्या पानावर फक्त सासरे. कधी फेट्यात, कधी स्कूटरवर, कधी नातीला खांद्यावर घेतलेले. दुपारी जेवण झाल्यावर त्या खुर्चीत बसतात आणि बोट सरकवतात. किती वेळ बघतात ते आम्ही मोजत नाही. तिथे माझी ‘अ‍ॅप उघडण्यापासून वाचवतं का’ ही कसोटी लावण्यात काही अर्थ नाही, हे मलाही कळतं.

माझी मुलगी बारावीला आहे. तिने पहिल्या पानावर, अगदी मधोमध, दिवस मोजणारं विजेट लावलंय. ‘बोर्ड : 47 दिवस’. मैत्रिणीचा मेसेज बघायला फोन उचलला, तरी आधी 47. उद्या 46. मला बघूनच पोटात गोळा येतो. आजीने तिला आपला उपाय सुचवला, की दुसऱ्या पानावर ठेव, हवं तेव्हा बघ. ती म्हणाली, ‘‘आजी, मागे ठेवलं, तर मी बघणारच नाही. म्हणून तर पुढे ठेवलंय.’’

फोन तिचा, परीक्षा तिची. मी हात लावलेला नाही. शून्य दिवस झाले, की त्या जागी शेजारच्या मांजरीचा फोटो येणार आहे, तो तिने आत्ताच काढून ठेवलाय.