पंचवीसपैकी सहा आणि पेणचा गणपती

मुलामुलींनो, दहावीत विज्ञानात भरपूर गुण आणि अकरावीच्या पहिल्याच चाचणीत फिजिक्सनं दिलेला दणका, हा अनुभव तुमच्यापैकी किती जणांना आलाय? हात वर करा बरं! लाजू नका. पहिला हात माझाच आहे.

१९९१ साली मी पेणच्या एका मराठी शाळेतून दहावी झालो. विज्ञानात वर्गात पहिला! आईनं पेढे वाटले आणि आळीत सगळ्यांना सांगूनही टाकलं, "आमचा मुलगा इंजिनिअर होणार." शेजारचा माझा मित्रही पास झाला, माझ्याहून दोनच गुण कमी. त्याच्या घरी गणपतीचा कारखाना होता. आमच्या पेणला मूर्ती घडवायच्या जागेला कारखानाच म्हणतात, मग तो घराच्या पडवीत का असेना! आम्ही दोघांनी बरोबरच सायन्सला नाव घातलं.

पहिला धक्का भाषेचा होता. शाळेतलं जडत्व आता इनर्शिया झालं, संवेगाचं मोमेंटम झालं आणि त्वरण झालं अ‍ॅक्सेलरेशन. पण शब्द काय, दोन महिन्यांत पाठ होतात. खरी मेख निराळीच होती, आणि ती चाचणीत कळली.

प्रश्न असा होता : एक माणूस लिफ्टमध्ये वजनकाट्यावर उभा आहे. लिफ्ट वर जायला लागली, तर काटा काय दाखवील आणि का? लिफ्ट तर मी तोपर्यंत डोळ्यांनी पाहिलीही नव्हती! मी न्यूटनचे तिन्ही नियम लिहून काढले. एक शब्द इकडचा तिकडे नाही. त्याला गुण मिळाले शून्य. समासात लाल शाईनं एकच शब्द होता, 'आकृती?' एकूण गुण पंचवीसपैकी सहा. मित्राला पाच.

त्या रात्री मी जेवलो नाही. आपण हुशार आहोत असं दहा वर्षं ऐकत आलो होतो, ते सगळं खोटं होतं की काय, असं वाटलं. मित्र मात्र हसून म्हणाला, "आपल्याला नाही रे जमायचं हे." दिवाळीपर्यंत त्यानं कॉलेज सोडलं आणि तो कारखान्यात बसला.

मी टिकलो. का? मी जास्त हुशार होतो म्हणून नव्हे. एका सरांनी मला जवळ बसवून तोच लिफ्टचा प्रश्न कोऱ्या कागदावर सोडवायला लावला. "नियम नको लिहूस. माणूस काढ. त्याला कोण खाली ओढतंय, कोण वर ढकलतंय, ते बाणांनी दाखव." दोन बाण काढले आणि उत्तर समोर! लिफ्ट वर जाताना वेग घेत असेल, तर वर ढकलणारा बाण मोठा हवा, म्हणून काटा जास्त दाखवणार. एवढंच होतं ते.

आणि आता एक कबुली. मला जे कळलं, ते मी धावत जाऊन मित्राला सांगितलं नाही. त्याचं ठरलंय, आता कशाला, असं मनाला समजावलं. खरं सांगू? आपण एक पाऊल पुढे गेलो याचं थोडं बरंही वाटत होतं. हे मला अजून टोचतं.

पुढे मी फिजिक्सच शिकवायला लागलो आणि रोह्याला स्थायिक झालो. पण घरचा गणपती दरवर्षी आणायचा तो मित्राच्या कारखान्यातूनच. २०१९ साली असाच गेलो, तर त्याची मुलगी कोपऱ्यात रंगाच्या डब्यांमध्ये मान खाली घालून बसलेली. तिनं नुकतंच अकरावी सायन्सला नाव घातलं होतं. फिजिक्सची चाचणी, पंचवीसपैकी सात.

"काका, मी कॉमर्सला जाते," ती म्हणाली. "मला दहावीत येत होतं. आता नाही येत."

मित्र काही बोलला नाही. तो माझी मूर्ती टेम्पोत चढवत होता. पाटाखाली त्यानं गोणपाट घातलं, चारही बाजूंनी दोर ताणले आणि ड्रायव्हरला बजावलं, "नागोठण्यापुढं भिसे खिंडीत वळणावर हळू. मूर्ती उंच आहे, पाट अरुंद आहे."

मी चमकलो. त्या एका वाक्यात अख्खं फिजिक्स होतं की! मुलीला म्हटलं, "कागद आण. तुझ्या बाबांचंच गणित करू."

मित्रांनो, तुम्हीही करा आमच्याबरोबर. टेम्पो तोच, मूर्ती तीच, वळणही तेच. फक्त विचारणारी इयत्ता बदलत जाईल.

नववी-दहावी विचारते : टेम्पो वळला की मूर्ती बाहेरच्या बाजूला का कलते? जडत्वामुळे. शाबास! टेम्पोचा वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला किती मीटर? १०. पुन्हा शाबास! इथं तुम्हांला नियम माहीत हवा, सूत्र आठवायला हवं आणि त्यात आकडे नीट भरता यायला हवेत. कोणतं सूत्र वापरायचं, हे बहुतेक वेळा प्रश्नातच लपलेलं असतं.

अकरावी-बारावी विचारते : दोर बांधलेच नाहीत, तर कोणत्या वेगाला मूर्ती पडेल? आता सूत्र कुठलं? तयार सूत्र नाहीच! आधी आकृती काढायची. मूर्तीचं वजन खाली, टेम्पोच्या फळीचा रेटा वर आणि पाटाच्या बुडाशी घर्षण, तेही वळणाच्या आतल्या बाजूला. म्हणजे पाय आत ओढले जातात आणि वरचं अंग मागे राहतं. आमच्या मूर्तीचा पाट ४० सेंटिमीटर रुंद, आणि गुरुत्वमध्य पाटाच्या बुडापासून ५० सेंटिमीटर उंचीवर धरला. अर्धा पाट म्हणजे २० सेंटिमीटर, भागिले ५०, आले ०.४. आतल्या बाजूचं त्वरण गुरुत्वत्वरणाच्या ०.४ पट झालं, की मूर्ती बाहेरच्या कडेवर कलंडणार. गुरुत्वत्वरण सोयीसाठी १० धरू. मग ते झालं ४. वळणाची त्रिज्या २५ मीटर मानली, तर वेगाचा वर्ग ४ गुणिले २५, म्हणजे १००. वेग सेकंदाला १० मीटर, ताशी ३६ किलोमीटर!

आणि एक गंमत पाहिलीत का? यात मूर्तीचं वजन कुठेच आलं नाही. ते दोन्ही बाजूंनी कटून गेलं. आकार आणि गुरुत्वमध्य सारखे असतील, तर शाडूची जड मूर्ती आणि प्लास्टरची हलकी मूर्ती एकाच वेगाला पडतील. हे आकडे भरून कळत नाही, अक्षरं मांडून कळतं. म्हणून अकरावीत आधी अक्षरं, शेवटी आकडे.

प्रयोगशाळेतही असंच. शाळेत उत्तर बरोबर की चूक, एवढंच पाहतात. पुढे व्हर्निअर कॅलिपर हातात आला, की विचारतात : उत्तर किती भरवशाचं? २.३४ सेंटिमीटर ठीक, पण त्यातला शेवटचा ४ खात्रीचा आहे का? बारावीला लेखी परीक्षेचे ७० आणि प्रात्यक्षिकाचे ३० गुण आहेत, ते उगाच नव्हे.

तिसरी पायरी प्रवेश परीक्षांची. तिथला प्रश्न असा : पाट ६० सेंटिमीटर रुंद केला, गोणपाटाचा घर्षणांक ०.५ आहे, आता कोणत्या वेगाला मूर्ती जागची हलेल? घाईत तुम्ही मघाचंच गणित कराल. ३० भागिले ५०, म्हणजे ०.६, वेग ताशी ४४ किलोमीटर. चूक! ताशी ४० किलोमीटरलाच घर्षण हार मानतं आणि मूर्ती न पडता घसरायला लागते. आधी काय घडेल, हे ओळखायचं होतं. आणि वेळ? एमएचटी-सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न आणि ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिटसुद्धा नाही. जेईई मेनमध्ये बरोबर उत्तराला ४ गुण, पण चुकलं की १ गुण वजा. तिथं समजणं तर हवंच, शिवाय निवड आणि चपळाई हवी. ती सरावानंच येते.

म्हणजे बघा, विषय एकच, पण पायरीगणिक मागणी वेगळी. अमेरिकेत शिकणारा माझा भाचा सांगत होता की तिथल्या हायस्कुलात एपी नावाचे जे अभ्यासक्रम असतात, त्यांत फिजिक्स १ हा बीजगणितावर चालतो, तर फिजिक्स सी ला कॅल्क्युलस लागतं. दोन पायऱ्यांना दोन नावं, म्हणून निवडतानाच फरक कळतो. आपल्याकडे मात्र नववी-दहावीला पुस्तकावर 'विज्ञान आणि तंत्रज्ञान' असतं आणि अकरावीला 'फिजिक्स'. पायरी कुठे आणि केवढी, हे सांगणारी पाटी नसते. ठेच लागली की मूल म्हणतं, मी ढ आहे. अरे, तुम्ही ढ नाही झालात, पायरी उंच झाली!

आईबाबांनाही एक विनंती. पहिल्या चाचणीचा पेपर हातात आला, की "किती मिळाले?" हे नंतर विचारा. आधी विचारा, "आकृती काढली होतीस का?" तुम्हांला स्वतःला फिजिक्स येत नसलं तरी हे विचारता येतं.

तर त्या दिवशी कारखान्यात आमचं गणित संपलं. मुलगी कागदाकडे पाहत होती. म्हणाली, "म्हणजे बाबा जे सांगतात तेच हे?" मी म्हटलं, "तेच. बाबांच्या हाताला ते येतं. तुला ते कागदावर आणायचंय."

मित्र टेम्पोच्या फळीला टेकून उभा होता. हात रंगानं माखलेले. कागद वाकून पाहिला आणि हळूच म्हणाला, "एवढंच होतं होय रे ते?"

अठ्ठावीस वर्षं उशिरा मी त्याला सांगितलं होतं. मला काही उत्तर देता आलं नाही.

त्याच्या मुलीनं सायन्स सोडलं नाही. पुढच्या चाचणीत तिला चौदा मिळाले. पेढे वाटावेत असे नव्हेत, पण प्रत्येक गणिताला आकृती होती!

आता तुमच्यासाठी एक काम. घरातली फळी घ्या. तिच्यावर एक उंच, अरुंद डबा आणि एक बसका, रुंद डबा ठेवा. फळीचं एक टोक सावकाश उचला. कोणता डबा कलंडतो, कोणता घसरतो? आधी अंदाज लिहा, मग पाहा, मग दोघांची आकृती काढा. आणि जमलं, की शेजारच्या मित्रालाही सांगा. लगेच सांगा बरं का! माझ्यासारखा उशीर करू नका.