पिसं, कसर आणि खाडीची हवा

गळावर दोऱ्यानं पिसं, केस आणि चमकती पन्नी बांधून आमिष तयार करायचं, याला गळवाले ‘फ्लाय बांधणं’ म्हणतात. ट्राउटसाठी ती किड्यासारखी बांधतात; आमच्या रायगडच्या जिताड्यासाठी छोट्या मासळीसारखी. बांधायचं कसब सरावानं येतं. सामान टिकवायचं कसब मात्र प्रत्येकानं आपल्या गावाच्या हवेकडूनच शिकायचं असतं. पनवेलमध्ये जून ते सप्टेंबर गळ गंजतात, कातड्यावर बुरशी धरते आणि बेसावध राहिलं तर पिसांना कसर लागते. म्हणून सामान राखणं हे मी या कलेचं निम्मं अंग मानतो.

माझी पहिली वाटणी साधी आहे: जे कधीकाळी जिवंत होतं ते एकीकडे, कारखान्यात बनलेलं दुसरीकडे. कसरीच्या अळ्यांना पिसांतलं आणि केसांतलं केराटिन लागतं. नायलॉनचा दोरा, पन्नी, कृत्रिम फर यांवर त्यांचं पोट भरत नाही. त्यामुळे कडक पहारा फक्त पहिल्या कप्प्यावर ठेवावा लागतो.

गावठी कोंबड्याची मान ओळखीच्या मटणवाल्याकडून मिळते. तिची चरबी बोथट सुरीनं खरवडायची, सौम्य साबणानं पिसं धुवायची, कातडीच्या आतल्या बाजूला टाकणखार चोळायचा आणि पुठ्ठ्यावर ताणून सावलीत खडखडीत वाळवायची. मग झिपच्या पिशवीत बंद करून पंधरा दिवस फ्रीझरमध्ये. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. ती खोलीच्या तापमानाला येण्याआधी उघडली तर आत दव धरतं आणि केलेली मेहनत वाया जाते. बाहेरून आलेलं कुठलंही पीस या वाटेनं गेल्याशिवाय माझ्या मोठ्या डब्यात जात नाही. डांबराच्या गोळ्या मी वापरत नाही. त्यांच्या वाफेनं काही प्लास्टिकचे डबे मऊ पडतात आणि वास पिसांत मुरतो. वेखंडाची पुरचुंडी ठेवतो. पण पिसात अंडी आधीच पडली असतील, तर तिच्या भरवशावर राहू नये.

गळ आणि धातूचे डोळे मिसळणाच्या जुन्या डब्यात, प्रत्येक वाटीत एक माप आणि सोबत सिलिका जेलची पुडी. दाण्यांचा रंग पालटला की पुडी बदलायची. खाडीत वापरलेली फ्लाय गोड्या पाण्यात खळबळून, पूर्ण सुकल्यावरच पेटीत परत जाते. एक ओली फ्लाय शेजारची अख्खी ओळ गंजवते.

प्रवासाला निघताना ही मांडणी मोडून टाकतो. घरी सामान जातीनुसार, प्रवासात फ्लायनुसार. क्लाउझर मिनो बांधायची असेल तर एका पिशवीत स्टेनलेस गळ, जड डोळे, पांढरे आणि हिरवट केस, पन्नीची चार पाती, दोऱ्याची रिळी; बस. तीर्थन खोऱ्यात ट्राउटसाठी जायचं तर पिशव्या वेगळ्या. वाइस, म्हणजे बांधताना गळ पकडून ठेवणारा शिकंजा, जाड कापडात गुंडाळून तळाशी. विमान असेल तर कात्री, सुई, गळ सगळं चेक-इन बॅगेत.

प्रत्येक पाकिटावर मी जिन्नस, तारीख आणि तो कुठून आला हे लिहितो. यातली तिसरी नोंद सर्वांत महत्त्वाची. जॉक स्कॉटसारख्या जुन्या विलायती सॅमन फ्लायमध्ये लागणारं मेणचट ठिपक्यांचं पीस आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेचं. या पक्ष्याला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. चितळाचे, सांबराचे केसही ठेवता येत नाहीत; मी बोकडाचे केस आणि कृत्रिम फर वापरतो. आपोआप गळलेलं मोरपीस देशात बाळगायला मुभा आहे, पण परदेशी नेता येत नाही. पिसांचा हव्यास कुठवर जातो ते जगानं पाहिलं आहे: 2009 साली इंग्लंडमध्ये ट्रिंगच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधून 299 पक्ष्यांची जतन केलेली कातडी चोरीला गेली, तीही फ्लाय बांधणाऱ्यांना पिसं विकण्यासाठी. अनेकांची ओळखचिठ्ठी चोरानं काढून टाकली, आणि चिठ्ठी गेली की शास्त्राच्या दृष्टीनं तो नमुना जवळजवळ निरुपयोगी होतो.

नव्यानं या छंदात येणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: महागडा वाइस नंतर घ्या. आधी चार हवाबंद डबे आणि एक पेन घ्या, आणि ज्या पिसाचं मूळ लिहिता येत नाही ते घरात आणू नका.