मामंजींच्या गाडीचं इंजिन

मामंजींच्या जुन्या अँबेसिडरचं इंजिन जाम झालं. लेकाला इसुझूचं १८०० सीसीचं हवं होतं. ताकद जास्त, पण त्यासोबत पाच गिअरचा बॉक्स येतो. गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळून खाली जातो. मामंजींचा हात सत्तरीतही त्याच दांड्यावर बसलेला. मुरुडहून कुंथलगिरीला दर्शनाला जावं आणि सूर्यास्ताआधी घरी येऊन जेवावं, एवढाच त्यांचा वेग.

मी म्हटलं, गाडी चालवणाऱ्याचं आधी ऐकू. पहिल्यासारखंच १४८९ सीसीचं इंजिन शोधलं. आरटीओची परवानगी आधी काढली, आरसीवर नवा इंजिन नंबर चढवला. लेक दोन दिवस रुसला. आता आजोबा त्याला तोच दांडा शिकवताहेत.